लोबानचं तेल: काही महिने वापरल्यावर

लोबान म्हणजे बॉसवेलिया जातीच्या झाडांचा धुपाचा डिंक, त्याचं हे तेल. गुडघेदुखीवर रामबाण म्हणून घेतलं होतं. गुडघ्याचंच आधी सांगते: फरक शून्य. चोळल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, पण तेवढं नुसत्या तिळाच्या तेलानेही वाटतं. एका गुडघ्याला हे, दुसऱ्याला ते, असं लावून पाहिलं.

जाहिरातीत सूज कमी होण्याचे जे दाखले देतात, ते बहुतेक सालईच्या (याच जातीचं भारतातलं झाड) डिंकाच्या अर्काचे आणि तोही पोटातून घेतलेला. त्यात बॉसवेलिक आम्लं असतात. ती जड, वाफेबरोबर वर येत नाहीत. तेल मात्र काढतात वाफेनेच. त्यामुळे बाटलीत अल्फा-पायनीन, लिमोनीन असली उडून जाणारी द्रव्यं येतात आणि आम्लं मागे चोथ्यात राहतात. शुद्ध तेलाच्या बाटलीवर 'बॉसवेलिक ॲसिडयुक्त' लिहिलेलं दिसलं की मी ती परत ठेवते.

वासासाठी मात्र पैकीच्या पैकी गुण! टोपण उघडताच लिंबाच्या सालीचा झणका, मग चीडाच्या लाकडाचा वास, आणि तो ओसरला की मागे तो खोल, किंचित गोडसर धुपाचा. झोपण्याआधी डिफ्यूझरमध्ये (खोलीत वास पसरवणारं उपकरण) दोन-तीन थेंब टाकले की डोकं खरंच शांत होतं. हा तेलाचा गुण की दिवा मालवून पडून राहण्याचा, देव जाणे.

अंगाला लावताना 30 मिली साध्या तेलात 12 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. चेहऱ्याला त्याच्या निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. जुन्या तेलापासून जपा. हवा लागून लिमोनीन-पायनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातूनच त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. माझ्या बाटलीच्या तळाशी उरलेल्याला टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प यायला लागला, तोंडाशी चिकट थर धरला, टाकून दिलं. घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा मांजर असेल तर डिफ्यूझर नकोच. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

जिभेखाली थेंब घेणारे भेटतात. कृपा करून नको. ठसका लागून तेल फुफ्फुसात गेलं तर भलतंच होऊन बसेल. या तेलाने कर्करोग बरा होतो म्हणणाऱ्यांचं तर बोलूच नये. काचेच्या बशीतल्या पेशींवरचा प्रयोग म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2014 मध्ये सुगंधी तेलं विकणाऱ्या काही कंपन्यांना असल्या दाव्यांवरून इशारापत्रं धाडली होती.

घ्यायचंच तर गडद काचेची लहान बाटली घ्या आणि लेबलावर झाडाचं शास्त्रीय नाव बघा. बॉसवेलिया सॅक्रा आणि पॅपिरिफेरा दोन्ही लोबान म्हणूनच विकतात, पण पॅपिरिफेरात ऑक्टिल ॲसिटेट हे वासाचं द्रव्य भरपूर, त्यामुळे वास अगदीच वेगळा येतो.