लेकराची जळजळ: पातळ औषध, फॅमोटिडीन की पॅन?

लातूरला नीटच्या तयारीला ठेवलेल्या लेकराला आठ-पंधरा दिवस छातीत जळजळ होतेय, आंबट पाणी वर येतंय. मेडिकलवर तीन प्रकारची औषधं मिळतात, पण तिघांची कामं वेगळी.

अँटासिडचं गुलाबी पातळ औषध पाच-दहा मिनिटांत आराम देतं आणि तास-दोन तासांत उतरतं. पेपरच्या आदल्या रात्री ठीक, रोजचं नव्हे. सोडा आणि थंड दूध त्याच माळेतले.

फॅमोटिडीन तासाभरात लागू पडतं, दहा-बारा तास टिकतं. त्रास फक्त रात्रीच, तोही अधूनमधून होत असेल तर मी हेच निवडेन. रोज घेतलं तर मात्र दोनेक आठवड्यांत शरीराला सवय होते आणि गुण उतरतो.

रोजच्या त्रासाला पॅन्टोप्राझोल (म्हणजेच ‘पॅन’), ओमेप्राझोल यांचाच गुण जास्त, पण ती जळजळल्यावर घ्यायची गोळी नव्हे. नाष्ट्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी, न चावता. पुरता गुण यायला तीन-चार दिवस लागतात. पोरं करतात उलटं: मेसची तर्री ओरपली, जळजळलं, की पॅन. मग म्हणे गोळी लागूच पडत नाही. डॉक्टर साधारण चार ते आठ आठवडे देतात. मनानंच महिनोन्‌महिने चालवून एकदम बंद केली तर आम्ल उसळी मारतं. यांनाच डॉमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध जोडलेली गोळी काउंटरवर सहज मिळते, पण ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. डॉक्टरांनी लिहिली तरच घ्यावी.

कोणतीही गोळी निवडा, रात्री अकराला अभ्यासिकेतून येऊन जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हे चालू राहिलं तर फरक थोडाच पडणार. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. डबा आठच्या आत खाऊन पुन्हा अभ्यासाला बसणं जमण्यासारखं आहे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात. नुसत्या उशा वाढवल्या की पोट दबतं. ठेचा सगळ्यांनाच बाधतो असं नाही, त्याला बाधत असेल तरच सोडा. गुटख्याचं मात्र न रागावता विचारा.

मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन चालू आहे का, हेही बघा. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच झोपलं तर ती कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करते, आणि आपण पित्तावर औषध देत बसतो. ती पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची.

घास अडकणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, वजन घटणं यातलं काही असेल तर ही तुलना बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडे न्या. दुर्बिणीतून तपासायचं का, ते ठरवतील. रक्त किंवा काळी शी दिसली तर त्याच दिवशी.