विंडोज, मॅक की उबुंटू : अडल्यावर दाद कोणाकडे मागायची?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुना पण धडधाकट संगणक असलेल्या अनेकांना संगणक चालवणाऱ्या प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) नव्याने निवड करणे भाग पडले. अशा वेळी किंमत आणि वेग यांची चर्चा भरपूर होते; मला मात्र सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि मशीन अडले तर फोन कोण उचलणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेसे वाटतात.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सातव्या पिढीचा आय-५ असलेले बहुतेक संगणक अधिकृत यादीबाहेर राहतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. पण तिच्यात केवळ सुरक्षेची डागडुजी आहे, तांत्रिक मदत नाही. शिवाय लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजच्या मदतीची जबाबदारी मुख्यतः लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीवर असते, हे ग्राहकाला सहसा तक्रार करतानाच कळते. तरीही विंडोजचे खरे बळ कंपनीच्या कॉल सेंटरबाहेर आहे : तालुक्याच्या गावीही ती दुरुस्त करून देणारा माणूस सापडतो, आणि टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते. ज्याचा हिशेब टॅलीवर आहे किंवा ज्याच्या छापखान्यात श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचे गठ्ठे आहेत, त्याने विंडोज सोडू नये.

मॅकचे यंत्र आणि प्रणाली ॲपल या एकाच कंपनीची असल्यामुळे टोलवाटोलवी होत नाही. हार्डवेअरची वॉरंटी एक वर्ष आणि फोनवरची मोफत तांत्रिक मदत ९० दिवस मिळते. त्यापुढे ॲपलकेअर ही वाढीव मदतीची योजना वेगळी विकत घ्यावी लागते. मुंबईत २०२३ पासून आणि पुण्यात २०२५ पासून कंपनीचे स्वतःचे दुकान आहे, महाराष्ट्रात इतरत्र अधिकृत सेवा केंद्र गाठावे लागते. मॅकओएस २६ ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याने, स्वस्तात मिळतो म्हणून जुना इंटेल मॅक घेणे मला पटत नाही.

उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या मोफत प्रणालीचा व्यवहार सर्वांत स्वच्छ वाटतो. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला पाच वर्षे अपडेट मिळतात, आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत मोफत असलेल्या उबुंटू प्रोची नोंदणी केल्यास ही मुदत दहा वर्षांवर जाते. फोनवरची मदत मात्र उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीकडून पैसे मोजूनच मिळते. एरवी दस्तऐवज वाचणे आणि स्वयंसेवकांच्या उत्तराची वाट पाहणे आले. ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठी एवढेच काम असलेल्या जुन्या संगणकासाठी मी निःशंकपणे हाच पर्याय सुचवेन. तथापि इन्स्टॉल करण्यापूर्वी ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर चार ओळी मराठी टाइप कराव्यात आणि आपल्याच प्रिंटरवर त्यांची एक प्रत काढून घ्यावी.