निळ्या टीशर्टातला तो आलूवाला मीच आहे, टॉनिक घेण्याआधी हे वाचून घ्या

तुमच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला असेल बघा, निळा टीशर्ट घातलेला माणूस मांडीपर्यंत वाढलेल्या आलूच्या झाडात उभा आहे, हातात हिरव्या झाकणाची बाटली, अन् खाली लिहिलं आहे 'नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं विक्रमी उत्पादन, १०० टक्के समुद्री शेवाळ'. तो माणूस मी. फोटो खरा आहे, झाडंही खरीच आहेत, फक्त जमिनीखालचं त्यात दिसत नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

आमचं वावर सावनेरकडे, कापूस अन् थोडा संत्रा. आलू आमच्याकडे फारसं कोणी लावत नाही, पण माझा साळा छिंदवाड्याकडे लावतो अन् त्याचं बरं चालू आहे, त्याचं पाहून मीही नोव्हेंबरात एक एकर कुफरी पुखराज जातीचा आलू लावला. त्याच दिवसांत कॉटन मार्केटमध्ये काही कामानं गेलो होतो, चहाच्या टपरीवर एक पोरगा भेटला, शर्ट इन केलेला, गळ्यात आयकार्ड. भाऊ, आलू लावला का, खत कमी करा, हे मारा, नॅचरल आहे, साइड इफेक्ट काहीच नाही, १५ दिवसांत फरक नाही दिसला तर पैसे वापस. लिटरचे १८०० रुपये. सहा बाटल्या घेतल्या, १०,८०० नगद. पक्कं बिल मागितलं तर म्हणे त्यात टॅक्स लागंल, तुमचंच नुकसान होईल. वहीचं पान फाडून 'टॉनिक ६ नग' लिहून दिलं, ना नाव ना शिक्का. मी ते पान खिशात घातलं, हे माझं शहाणपण.

बाटली उघडली तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. शेवाळ म्हटल्यावर काही तरी मासळीसारखा, समुद्राचा वास येईल वाटलं होतं, आला थेट गुळाच्या मळीचा. पण पैसे गेले होते ना, मग माणूस स्वतःलाच समजावतो. पंपाला १०० मिली, एकरात १२ पंप, असे चार फवारे मारले.

अन् फरक दिसला बाप्पा! दुसऱ्या फवाऱ्यानंतर झाडं अशी सुटली की धुऱ्यावरून जाणारा माणूस थांबून विचारे, काय मारलं गा. पानं थोडी फिक्की होती अन् कांड्या लांब, पण उंचीपुढं ते कोण पाहते. चाळिसाव्या दिवशी तो पोरगा स्वतः गाडी घेऊन आला, मला झाडात उभं केलं, बाटली हातात दिली, 'भाऊ हसा' म्हणे. मी हसलो पण.

साठाव्या दिवशी माय वावरात आली अन् म्हणे एक झाड उकरून तर पाह्य. कुदळीनं सरी फोडली. सुतळीसारखे लांब लांब पांढरे दोरे मातीत पसरलेले अन् टोकाला कुठं वाटाणा, कुठं कंचा. तिथून पुढं चार झाडं उकरली, तेच. माय म्हणे, "आता पाल्याची भाजी कर म्हणा त्याले."

एकरी ७० क्विंटल धरले होते, निघाले २९, त्यातले ११ तर बारीक. कळमन्याच्या बाजारात अडत्यानं ढीग पाहिला अन् भाव सांगायच्या आधी माझ्याकडं पाहिलं, ते पाहणं मला भावापेक्षा जास्त लागलं.

मग उरलेली बाटली घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात एका सरांना भेटलो. त्यांनी फोटो पाहिले अन् पहिलाच प्रश्न, कांड्या लांब झाल्या होत्या का? म्हणे तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण लक्षणं जिब्रेलिक ॲसिडची आहेत, म्हणजे झाडाची उंची वाढवणाऱ्या जिब्रेलिन संप्रेरकाची. हे द्राक्षवाले मणी फुगवायला वापरतात, आलूच्या बेण्याची सुप्तावस्था मोडायलाही वापरतात, पण उभ्या आलूवर पडलं की झाड वर पळते अन् खाली गाठी धरणं थांबते. रात्री थंड झाल्या की झाडातलं जिब्रेलिन कमी होते अन् तेव्हाच आलू धरतो, अन् आपण त्याच वेळी वरून ओतत होतो. हे ॲसिड कीटकनाशक कायद्यात येते, 'नॅचरल' टॉनिकमध्ये गुपचूप टाकणं गुन्हाच आहे. खत कमी केलं ती चूक वेगळी, ती माझीच. आलूला पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर लागते, शेवाळाच्या अर्कात खत म्हणण्यासारखं जवळजवळ काही नसते, ते खतासोबत मारायचं असते, खताच्या बदल्यात नाही.

तक्रारीला पंचायत समितीत गेलो. कृषी अधिकारी चांगले होते, पण म्हणे नमुना निरीक्षकानं विक्रेत्याकडून सीलबंद घ्यावा लागतो, तुमची फोडलेली बाटली चालत नाही, बिल दाखवा. मी वहीचं पान दाखवलं. त्यांना हसू आलं नाही हे त्यांचे उपकार. पोरग्याचा फोन तोवर बंद.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते सांगतो. शेवाळाचा अर्क ही थाप नाही, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस नावाच्या समुद्री शेवाळाची खरोखर शेती होते अन् भावनगरच्या सरकारी संस्थेनं त्याचा अर्क काढायची पद्धत बसवली आहे. पण २०२१ पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे असे वाढीला मदत करणारे अर्क, सरकारच्या खत नियंत्रण आदेशात आले आहेत. कोणत्या मालाला कोणत्या पिकावर किती डोसची मंजुरी आहे हे त्यात येते, म्हणून बाटलीवर आधी ते शोधा, घटक किती टक्के ते वाचा. माझ्या बाटलीवर फक्त मासोळीचं चित्र अन् 'सर्व पिकांसाठी' होतं. अन् घ्यायचंच असेल तर दोन सरी न फवारता सोडा, महिन्यानं दोन्हीकडचं एकेक झाड उकरून बघा. मी सोडल्या असत्या तर दोन फवाऱ्यांतच कळलं असतं.

मागच्या रविवारी साळ्याचा मेसेज आला, तोच फोटो पुढं पाठवलेला, खाली, "भाऊजी, हे बाटली कुठं भेटन?" त्याला माझ्या ओंजळीतल्या आलूचा फोटो पाठवला. ३४ मावले होते.