जुनी मुद्रा की नवं बोधचिन्ह? विद्यापीठाच्या समितीवर नाव आलेल्यांसाठी

विद्यापीठाच्या चिन्हाचं काय करायचं हे ठरवणाऱ्या समितीत नाव आलं म्हणजे तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पदवीवर छापलेली जुनी मुद्रा, म्हणजे विद्यापीठाचं अधिकृत चिन्ह, आहे तीच ठेवून नीट रेखाटून घ्यायची, ही पहिली. मुद्रेला हात न लावता शेजारी एक सुटसुटीत नवं चिन्ह आणायचं, ही दुसरी. आणि जुन्याचंच रूप बदलायचं, ही तिसरी.

दुसरीपासून सुरू करतो, कारण कागदावर तीच सगळ्यात शहाणपणाची दिसते आणि सगळ्यात जोरात तोंडघशी पडणं झालं तेही तिच्यावरच. कॅलिफोर्निया विद्यापीठ, २०१२. संस्था १८६८ची, कॅम्पस दहा, मुद्रा १९१०ची: उघडं पुस्तक, वर तारा आणि ‘प्रकाश होवो’ या अर्थाचं बोधवाक्य. विद्यापीठातल्याच डिझाइनच्या चमूने नवं चिन्ह केलं. ढालीसारखा ‘यू’, त्याच्या पोटात विरत जाणारा ‘सी’. ‘यू’ची वरची कड मुद्रेतल्या पुस्तकावरून घेतलेली, पण ते सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नव्हतं. लोकांना दिसली ती इंटरनेट अडकलं की फिरत राहणारी चकती. पन्नास हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन झालं, राज्याचे तेव्हाचे उपगव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनीही विरोध केला आणि डिसेंबरच्या मध्यात विद्यापीठाने चिन्ह मागे घेतलं.

माझं मत विचाराल तर चिन्ह इतकंही टाकाऊ नव्हतं. आणि मुद्रा जाणारच नव्हती, पदवीवर तीच राहणार होती. पण बातम्यांमध्ये डावीकडे मुद्रा आणि उजवीकडे नवं चिन्ह असा जोड छापून आला, ‘आधी’ आणि ‘आता’ अशा थाटात. घरच्या भिंतीवर पदवी फ्रेम करून लावलेल्या माणसाने तो जोड पाहिला आणि तिथेच निकाल लागला. नंतरचे खुलासे कोण वाचतं?

हीच दुसरी वाट अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाला मात्र मानवली. तिथली मुद्रा १८६४ची. ऐरणीपाशी उभा कामगार, पुस्तक घेतलेला विद्वान आणि ‘मन आणि हात’ या अर्थाचं लॅटिन वाक्य. ती आजही पदवीवर आहे. रोजच्या वापरासाठी २००३मध्ये अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी उभ्या पट्ट्यांचं चिन्ह केलं. पण पट्ट्या तिथल्या लोकांना नव्या नव्हत्या. डिझाइनर म्यूरिएल कूपर यांनी १९६०च्या दशकात एमआयटी प्रेस या तिथल्या प्रकाशनसंस्थेसाठी सात पट्ट्यांचं चिन्ह केलं होतं. ‘एम-आय-टी-पी’ ही चार छोटी रोमन अक्षरं, फक्त त्यांचे उभे दांडे ठेवलेले. पाचवी पट्टी जरा वर गेली की ‘टी’, सहावी खाली उतरली की ‘पी’. फळीवर मांडलेली पुस्तकं म्हणून पाहिलं तरी चालतं. चार दशकं ते चिन्ह पुस्तकांच्या पाठीवर दिसत होतं, त्यामुळे मूळ संस्थेने त्याच वळणाचं काही घेतलं तेव्हा डोळ्यांना ओळखीचंच वाटलं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. देवनागरीत शिरोरेषा आणि मात्रा काढल्या की अक्षरच मरतं. रोमन आद्याक्षरं घ्यावीत तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणार, मराठी कुठे गेली? आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण अहमदाबादच्या आयआयएम या व्यवस्थापन संस्थेचं. संस्था १९६१ची. चिन्हात सिदी सय्यद मशिदीच्या दगडी जाळीतलं झाड आणि ‘विद्याविनियोगाद्विकासः’ हे वाक्य. २०२२च्या मार्चमध्ये बाहेर आलं की दोन नवी चिन्हं मंजूर झाली आहेत आणि परदेशासाठीच्या चिन्हात संस्कृत वाक्य नाही. ४५ प्राध्यापकांनी नियामक मंडळाला पत्र लिहिलं. जाळी बिघडली ही तक्रार होतीच, पण मुख्य दुखणं हे की आम्हाला विचारलंच नाही. शेवटी आलेल्या चिन्हात वाक्य राहिलं, जाळीचं रूप मात्र बदललं. म्हणजे बदल झालाच, फक्त आधी घरातली माणसं दुखावून.

आता पहिली वाट. कॉलेजांची छपाई करताना मी जे पाहिलं ते हे: एका विद्यापीठाची मुद्रा माझ्याकडे तीन ठिकाणांहून आली आणि तिन्ही वेगळ्या होत्या. एक झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून ट्रेस केलेली, तिच्यातल्या समईच्या ज्योतीचा ठिपका झालेला. दुसरी कुठल्यातरी फ्लेक्सवाल्याची सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाईल. तिच्यात बोधवाक्यातला विसर्ग गायब, हलन्ताचा पाय तुटलेला. तिसरी व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजी. पदवी, लेटरहेड आणि प्रवेशद्वार तिन्हीकडे वेगवेगळी मुद्रा, आणि समितीत चर्चा चाललेली ‘आपलं चिन्ह कालबाह्य झालंय का’ याची. अहो, आधी तुमचं चिन्ह कोणतं ते तरी ठरवा!

आपल्या बऱ्याच विद्यापीठांचा जीव बोधवाक्यात आहे. पुण्याचं ‘यः क्रियावान् स पण्डितः’ घ्या किंवा कोल्हापूरचं ‘ज्ञानमेवामृतम्’. आणि मुद्रा लहान केली की पहिल्यांदा वाचता येईनासं होतं ते हेच. ब्राउझरच्या टॅबवर चिन्हाला जागा मिळते सोळा बाय सोळा ठिपक्यांची. तिथे अख्खी गोल मुद्रा बसवली तर बिस्किटासारखी दिसते. यावर उपाय नवं चिन्ह हाच असतो असं नाही. त्याच मुद्रेची दोन रूपं करून घेता येतात. मोठ्यासाठी पूर्ण, छोट्यासाठी फक्त मधली आकृती, ठळक रेषेत, वाक्याविना.

शेकडो संलग्न महाविद्यालयं असलेल्या सरकारी विद्यापीठाला मी डोळे झाकून पहिली वाट सुचवेन. तिथे प्रत्येक पाटी आणि शिक्का बदलायला वर्षं जातात आणि तोवर दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी नांदतात. नाव बदललेलं असेल किंवा दोन संस्था एकत्र आल्या असतील तर तिसरी टळत नाही. मग प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांना मंजुरीआधी दाखवा, नंतर नव्हे. दुसरी वाट घ्यायचीच असेल तर पदवीवर काय राहणार हे पहिल्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा आणि दोन्ही चिन्हांचा जोड स्वतःहून कुठेही छापू नका.

बैठकीत डिझाइनर पडद्यावर भलंमोठं चिन्ह दाखवेल. रंगीत, मग कपावर, टी-शर्टवर. छान दिसतंच. तुम्ही एकच मागा: एका रंगात, रुपयाच्या नाण्याएवढं, साध्या कागदावर. मग त्याचा रबरी शिक्का बनवून घ्या आणि तो परीक्षा विभागातल्या कारकुनाकडून, त्याच्याच सुकत आलेल्या शाईच्या पॅडवर, पन्नास वेळा मारून घ्या. पन्नासावा ठसा बैठकीत फिरवा.