न्यायमूर्ती की आमदार? विस्कॉन्सिनमध्ये सुधारणावादी उमेदवारांपैकी आधी कोणाला बळ द्यावे

अमेरिकेतील ३८ राज्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांसमोर जातात. भारतातून तेथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या हाती नागरिकत्वानंतर न्यायाधीश निवडण्याची मतपत्रिका पडते, तेव्हा ती त्याला काहीशी अवघडच वाटते. वेळ आणि पैसा मर्यादित असताना सुधारणावादी न्यायमूर्तींच्या पाठीशी उभे राहावे की सुधारणावादी आमदारांच्या, हा प्रश्न विस्कॉन्सिनमध्ये विशेष नेमकेपणाने तपासता येतो. येथे ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थ मी मतदारसंघांची न्याय्य आखणी एवढाच घेतला आहे, कारण सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने सीमा आखण्याचा रोग कोणा एका पक्षाचा नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो रिपब्लिकनांनी जोपासला, तर शेजारच्या इलिनॉयमध्ये डेमोक्रॅटांनी.

विस्कॉन्सिनच्या असेंब्लीत, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, ९९ जागा आहेत. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मतांपैकी सुमारे ५३ टक्के मते मिळूनही त्यांच्या वाट्याला फक्त ३६ जागा आल्या. काही मतदारसंघांत लढतच झाली नव्हती, त्यामुळे ही टक्केवारी थोडी फुगलेली आहे. तरीही रिपब्लिकनांनी आखलेल्या २०११ च्या नकाशाचा कल झाकता येत नाही. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय हेतूने केलेल्या सीमाआखणीचे दावे संघराज्याच्या न्यायालयांत चालणार नाहीत असा निर्णय दिला आणि दाद मागण्यासाठी राज्याची न्यायालये व राज्यघटना एवढाच मार्ग उरला. मतदारांनी स्वतः याचिकेद्वारे घटनादुरुस्ती मतदानाला टाकण्याची सोय मिशिगनमध्ये आहे आणि तिचा वापर करून तेथील मतदारांनी २०१८ मध्ये सीमाआखणीचे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले. विस्कॉन्सिनमध्ये ती सोय नाही.

न्यायालयाच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेगाचा आहे. सात न्यायमूर्ती, प्रत्येकाची मुदत दहा वर्षे, निवडणूक एप्रिलमध्ये आणि एका वर्षी जास्तीत जास्त एकच जागा. म्हणजे एका जागेवर बहुमत फिरू शकते. ४ एप्रिल २०२३ रोजी उदारमतवादी जॅनेट प्रोटासिविच यांनी पुराणमतवादी डॅनियल केली यांचा सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने पराभव केला आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी नकाशा रद्द ठरवला. निकालाचा आधार मोठा साधा होता: मतदारसंघ सलग भूभागाचा असावा असे राज्यघटना सांगते, आणि निम्म्याहून अधिक मतदारसंघांत मुख्य भूभागापासून तुटलेले, बेटांसारखे तुकडे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा नकाशा कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये असेंब्लीतील रिपब्लिकन-डेमोक्रॅट बळ ६४-३५ वरून ५४-४५ वर आले. जुन्या नकाशावर वर्षानुवर्षे आमदारकीचे उमेदवार लढवूनही हे साधले नव्हते.

मात्र या मार्गाची किंमत मोठी आहे. २०२३ च्या त्या एका जागेसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि २०२५ मध्ये सुसान क्रॉफर्ड व ब्रॅड शिमेल यांच्या लढतीत हा आकडा सुमारे दहा कोटींवर गेला. त्या पुरात पन्नास डॉलरची देणगी कुठे विरून जाते ते कळत नाही. प्रचारात नकाशाविषयी उघड मत मांडल्यामुळे प्रोटासिविच यांनी त्या खटल्यापासून दूर राहावे अशी मागणी झाली, महाभियोगाच्या धमक्याही आल्या. त्यांनी माघार घेतली नाही, पण हा आक्षेप मला पोरकट वाटत नाही. शिवाय न्यायालयाने दिलेले न्यायालयच परत घेऊ शकते. नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षीय नकाशे रद्द केले, नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींचे बहुमत बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये तोच निर्णय उलटला.

विधिमंडळाच्या निवडणुकीत लहान देणगीदाराला आणि दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्याला खरे वजन असते. असेंब्लीच्या उमेदवाराला एका व्यक्तीने द्यावयाच्या देणगीची मर्यादा १,००० डॉलर आहे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारासाठी ती २०,००० आहे. एवढ्यावरून दोन्ही आखाड्यांचा अंदाज यावा. व्हर्जिनियात २०१७ मध्ये एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी ११,६०८ मते पडली, जानेवारी २०१८ मध्ये भांड्यातून चिठ्ठी काढून विजेता ठरवण्यात आला आणि त्या एका चिठ्ठीने सभागृहातील रिपब्लिकनांचे बहुमत ५१-४९ असे राहिले. मराठी माणसाला हे क्षेत्र अगदीच परके नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या विधिमंडळात निवडून गेले होते. आणखी एक सोय अशी की ऑगस्टमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत कोणत्या पक्षाच्या उमेदवारांतून निवड करायची ते विस्कॉन्सिनचा मतदार मतदानाच्या वेळीच ठरवतो. त्यामुळे ज्या पक्षाचा विजय ठरलेला आहे, त्यातील त्यातल्या त्यात सुधारणावादी उमेदवाराला हात देता येतो.

मत फक्त नागरिकालाच देता येते, देणगी ग्रीन कार्डधारकही देऊ शकतो, आणि एच-१बी व्हिसावर असलेल्याने राज्याच्या निवडणुकीतही एक डॉलर देऊ नये, कारण कायद्याने ती मनाई आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करण्यास त्याला आडकाठी नाही.

तेव्हा माझे मत असे की एप्रिलमध्ये स्वतःचे मत आणि ओळखीच्या नागरिकांना मतदानाला नेण्याचे श्रम न्यायालयासाठी द्यावेत, कारण तेथे हुकलेली जागा दहा वर्षे परत येत नाही. पैसा मात्र चुरशीच्या मतदारसंघातील आमदारकीच्या उमेदवाराला द्यावा. हे देण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा: आपल्या पक्षाची सत्ता असतानाही स्वतंत्र आयोगाच्या घटनादुरुस्तीला तो मत देईल काय? विस्कॉन्सिनमध्ये अशी दुरुस्ती लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी मंजूर करून मग मतदारांपुढे ठेवावी लागते, आणि पुढील नकाशे २०३० च्या जनगणनेनंतर आखले जातील. म्हणजे २०२६ आणि २०२८ मध्ये निवडून येणारी विधिमंडळेच त्यासाठी हाताशी आहेत.