मार्चएंडला उरलेला निधी: उडवायचा की परत करायचा?

भाचा एका सरकारी ऑफिसात लेखा बघतो, काल सात रस्ता चौकात चहा घेताना म्हणाला, मामा पैसे उरलेत, काय करू? मीही जन्मभर लेख्याचंच काम केलंय म्हणून लिहितो.

पुढच्या वर्षीची तरतूद बघितली तर खर्चणारा जिंकतो, हे कटू आहे पण खरंय. परत केलं की वरचे म्हणतात तुम्हाला एवढे लागतच नाहीत, आणि कात्री. वाचवणाऱ्यालाच शिक्षा, मग कोण वाचवेल?

वस्तूचं म्हणाल तर घाईची खरेदी म्हणजे फुकट. आमच्याकडे एका मार्चमध्ये टोनरचे, म्हणजे प्रिंटरच्या शाईचे, खोके आले, कपाटात ठेवले, तोवर प्रिंटरच बदलला, खोके अजून सीलबंद. खुर्च्यांवरचं प्लास्टिकचं आवरण तर उन्हाळ्यात मऊ होऊन चिकटलेलं.

डोक्याला ताप? परत करायला एक पत्र पुरतं, फक्त वेळेत, 31 मार्चच्या संध्याकाळी नाही. खर्चाला कोटेशन, बिलं, ट्रेझरीची रांग, वर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत तर शेवटच्या महिन्यांतली घाई आर्थिक शिस्तीचा भंगच म्हटलीय, आणि अर्थ मंत्रालयाच्या आदेशांनी मार्चच्या खर्चाला वर्षाच्या तरतुदीच्या 15 टक्क्यांची मर्यादाही घातलेली. खासदार निधी बघा, वर्षाचे 5 कोटी, उरले तर पुढे जातात, म्हणून ती मार्चची धावपळ तिथं नको.

काम आधीच मंजूर असेल, माल खरंच लागणार असेल तर बिनधास्त खर्च कर. नुसता आकडा शून्य करायचा असेल तर परत कर, आणि पत्रात का उरले ते लिही, पुढच्या मागणीला तेच जोडता येतं.