दिवा झकास, पण मान टाकतो (८ महिन्यांनंतर)

६० वॉटचा एलईडी दिवा, ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि स्टँड, असा संच घरी पोर्ट्रेटचा सराव करायला घेतला होता. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. परवा ऐन फोटोत दिव्याने कायमची मान टाकली, म्हणून लिहायला बसलोय.

मान म्हणजे दिवा वर-खाली वाकवायचा ब्रॅकेट, आणि तो आवळणारा प्लास्टिकचा नॉब. सॉफ्टबॉक्सचं सगळं वजन पुढे, त्यामुळे नॉब कितीही पिळा, दहा मिनिटांत दिवा झुकायला लागतो. एरवी चाललं असतं. पण मी रेम्ब्राँट लायटिंग घोटत होतो. दिवा बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा वर. तेव्हा कुठे नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. तो साधेपर्यंत सॉफ्टबॉक्सचं तोंड छातीकडे वळलेलं असायचं. चेहरा मंद, साडी लख्ख! आई मटार सोलत बसलेली. म्हणाली, "अरे, तुझा दिवा पेंगतोय बघ."

आता थोडं माझ्या पदरात. पहिले दोन महिने मी उजेड कडक येतो म्हणून सॉफ्टबॉक्सच्या कापडाला शिव्या घालत होतो. चूक माझी होती. दिवा सहा फुटांवर ठेवायचो. तीन फुटांवर आणला आणि सावलीची कड विरघळली. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट); आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० वरून ४०० वर आला. शिवाय मागची क्रीम रंगाची भिंत चेहऱ्याच्या मानाने काळवंडली, पडद्याचा खर्च वाचला. तरी त्रिकोण पुसटच, कारण समोरची पांढरी भिंत सावलीत उजेड परत फेकत होती. त्या बाजूला खुर्चीवर आजोबांची काळी घोंगडी टाकली, काम झालं. उलट सावली उजळायची असेल तर थर्मोकोलचा तक्ता. महागड्या रिफ्लेक्टरच्या नादी लागू नका.

रंग चांगला येतो, दिव्यातल्या पंख्याचा आवाज फोटोला आड येत नाही. फक्त खोलीतला पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर अर्धा गाल हळद लागल्यासारखा दिसतो.

तर परवा नॉबचे आटे गेले. सर्व्हिसवाल्याला फोन केला. "सर, वॉरंटी लाइटला आहे, ब्रॅकेटला नाही." मग नॉब विकत द्या. "सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट पाठवा." कुरिअर माझ्या खर्चाने, तीन आठवडे! एका नॉबसाठी! स्टुडिओचे दिवे बनवणारी बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी तिच्या माउंटचे (दिव्याला जोडायच्या कडीचे) सॉफ्टबॉक्स आजही गल्लोगल्ली मिळतात. आणि हे चालू कंपनीचा नॉब देईनात.

शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ब्रॅकेटच घेऊन गेलो. त्याने मापाचा बोल्ट, दोन वॉशर आणि विंग नट दिला, ३५ रुपये. मधे सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. काल पाऊण तास दिवा जागचा हलला नाही. मटार मात्र संपले होते, आई उठून गेली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा ट्यूबचा.